तासभर माग बंद

ऑनलाइन मुलाखतीच्या तयारीबद्दल कोणी बोलायला लागलं की पहिली सूचना ठरलेली असते: मागे कोरी भिंत असू द्या. मग उजेड, मग इंटरनेट, मग कपडे. मी तंत्रनिकेतनात शिकवते आणि मुलामुलींकडून मुलाखतीची तयारी करून घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ही सूचना मी शेकडो ठिकाणी वाचली आहे. ती लिहिणाऱ्यांना कोरी भिंत ही घराघरात असणारी वस्तू वाटते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आमच्या इचलकरंजीत ती नसते. खोल्या दोन किंवा तीन, माणसं पाच-सहा, त्यामुळे जमिनीवर मावत नाही ते सगळं भिंतीवर चढतं. माझ्या भावाच्या घरातली पुढची खोली घ्या. एका भिंतीला देव्हारा आणि आई-अण्णांचे हार घातलेले फोटो. दुसरीला कालनिर्णय, त्याच्या खिळ्यालाच अडकवलेल्या किल्ल्या, विजेच्या बिलांची चिमट्यात धरलेली चळत. तिसरीला शोकेस: त्यात भाचीला शाळेत मिळालेले कप, लग्नाच्या आहेरात आलेले काचेचे ग्लास आणि एक बंद पडलेलं घड्याळ. चौथ्या भिंतीत दार आणि खिडकी. दाराच्या पलीकडे माग.

मुलाखत भाचीची होती. पुण्यातली कंपनी, सॉफ्टवेअर तपासणीचं काम. मुलाखत घेणारे तिघे, तिघेही आपापल्या घरून. वेळ सकाळी अकराची, म्हणजे माग भर जोरात असतात ती.

मी तिच्या वयाची होते तेव्हा मुलाखतीला जायचं म्हणजे रात्रीची एसटी धरायची. पहाटे स्वारगेटला उतरायचं, ओळखीच्या कोणाच्या तरी घरी तोंड धुवायचं, आदल्या दिवशी इस्त्री करून कागदात गुंडाळून आणलेली साडी नेसायची आणि सर्टिफिकिटांची फाइल छातीशी धरून पत्ता विचारत निघायचं. पैसे जायचे, झोप जायची, आणि बायकामुलींना तर सोबत कोण येणार इथपासून प्रश्न असायचे. तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली केवळ सोबत नाही म्हणून मुलाखतीला गेल्याच नाहीत. त्यांना तेव्हा आजचा हा पडदा मिळाला असता तर त्यांची आयुष्यं वेगळी झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्या प्रवासात आणखी एक गोष्ट होत असे. घर मागे राहायचं. एसटीत बसल्यापासून कचेरीच्या बाकावर बसेपर्यंतच्या बारा-चौदा तासांत माणूस हळूहळू उमेदवार होत जाई. बाकावर शेजारी आणखी चार जण असत. त्यांच्याशी दोन शब्द बोलून कळे की घसा फक्त आपलाच कोरडा पडलेला नाही. शिपाई पाणी आणून देई. समोरच्या माणसांना आपण दिसायचो ते आपल्या कपड्यांत आणि आपल्या फाइलसह. आमचं घर केवढं, छप्पर कशाचं, हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मुलाखती पडद्यावर आल्या, आणि पुढे टाळेबंदी उठली तरी पहिल्या फेऱ्या बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच राहिल्या. आता दही-साखर हातावर घेतल्यानंतर उंबरा ओलांडायचा नसतो. मधल्या खोलीतून आतल्या खोलीत जायचं असतं. एवढ्या चार पावलांत उमेदवार व्हायचं, ही मला या सगळ्या तयारीतली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

म्हणून आम्ही आधी जागा ठरवली. आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे, हिरव्या रंगाचं, वहिनीच्या माहेरून आलेलं. दुसरं काही नसलेली तेवढीच सपाट बाजू घरात सापडली. कपाटावरच्या गाद्या काढल्या, दोरीवरचे कपडे काढले, दोरीही सोडली. मैत्रिणीकडून मागून आणलेला लॅपटॉप स्टुलावर ठेवला तर कॅमेरा हनुवटीखालून बघत होता. मग तांदळाचा डबा, त्यावर पाटा पुसायचं फडकं घडी करून, त्यावर डिप्लोमाची दोन जाड पुस्तकं, आणि त्यावर लॅपटॉप. आता कॅमेरा बरोबर डोळ्यांच्या रेषेत आला. खिडकी समोर येईल अशी खुर्ची फिरवली. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो, ती समोर असली की बल्बचीही गरज लागत नाही.

डोळ्यांचं मात्र तेवढ्यानं भागत नाही. पडद्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की त्याला आपण खाली पाहतोय असं दिसतं, कारण कॅमेरा वर असतो. त्याच्याकडे पाहतोय असं त्याला वाटावं म्हणून आपण त्याच्याकडे न पाहता वरच्या बारीक छिद्राकडे पाहायचं. भाचीनं कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी लाल टिकली चिकटवली आणि टिकलीशी बोलण्याचा सराव केला. मी समोर बसून प्रश्न विचारत होते आणि ती टिकलीला उत्तरं देत होती. सुरुवातीला तिचा आवाज सपाट येई. बोलताना आपण समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत असतो: कळलं का, कंटाळला का, आणखी सांगू का. तो अंदाजच काढून घेतला की वाक्यं पाठ केल्यासारखी येतात. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा होता. प्रश्न ऐकताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहायचं, उत्तर सुरू करताना आणि संपवताना टिकलीकडे. अधेमधे डोळे कुठेही जाऊ देत. माणूस विचार करताना इकडेतिकडे बघतोच.

शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात आपला स्वतःचा चेहरा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःला पाहत राहावं लागणं हे एक होतं. जवळून येणारी मोठ्या चेहऱ्यांची नजर, एकाच जागी खिळून बसणं, आणि खुणा-इशारे वाचायला-द्यायला पडणारे जादा श्रम ही बाकीची. घरात आरशासमोर मुलगी पाच मिनिटं जास्त उभी राहिली तर हटकणारी आपण माणसं. आणि इथे तिनं पाऊण तास आरशासमोर बसून जावा आणि अल्गोरिदमबद्दल बोलावं अशी अपेक्षा करतो. स्वतःची चौकट लपवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती वापरावी. आधी एकदा बघून घ्यायचं, कपाळ कापलं जात नाही ना, आणि मग ती चौकट बंद करायची.

आवाज उशिरा पोचण्याचंही तसंच आहे. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं अंतर असतं, आणि ते सगळ्या भाषांत जवळपास सारखं, असं त्यात दिसलं. इतक्या नाजूक लयीवर माणसांचं बोलणं चालतं. आवाज जायला-यायला लागणारा वेळ त्यात मिळवला की ही लय मोडते. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. समोरच्याला वाटतं उमेदवार अडखळतोय. उमेदवाराला वाटतं आपण मधे बोललो. खरं तर दोघांच्या मधे फक्त तार लांब असते. म्हणून मी मुलांना सांगते, प्रश्न संपला की मनात एक आकडा मोजा आणि मग बोला. दोघं एकदम बोललात तर ‘सर, तुम्ही बोला’ म्हणून थांबा. एवढं केलं तर निम्मा घोटाळा टळतो.

पण आमचा खरा प्रश्न आवाजाचा होता.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. तेव्हापासून या गावाला शांतता अशी फारशी माहीत नाही. धोटा एका बाजूनं मारला जातो, दुसऱ्या बाजूला आदळतो, परत मारला जातो. मिनिटाला शे-दीडशे वेळा, प्रत्येक मागावर. दादाच्या शेडमध्ये आठ माग आहेत, शेजाऱ्याच्या शेडमध्ये बारा, आणि दोन्हींमध्ये एकच भिंत. शेडमध्ये उभं राहून बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. घरात बसल्यावर आवाज कमी होतो, पण भांड्यांच्या मांडणीतली ताटं बारीक थरथरत असतात. त्यामुळे आमच्या गावची माणसं मोठ्यानं बोलतात. कोल्हापुरात पाहुण्यांकडे गेलो तरी लोक विचारतात, भांडताय काय. भाचीचा आवाजही तसाच, भरलेला, लांब जाणारा. मुलाखतीच्या मार्गदर्शनात तिला कोणीतरी सांगितलं होतं की आवाज मृदू ठेव. ती आठवडाभर कुजबुजत सराव करत होती आणि कुजबुजताना तिला तिचीच उत्तरं आठवत नव्हती. मी ते बंद करवलं. लहानपणापासून ज्या आवाजात ती विचार करते त्याच आवाजात तिला बोलता आलं पाहिजे. माइक हातभर लांब ठेवला की झालं.

मागांचा आवाज काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. पंख्याची घरघर असला सलग आवाज ते बऱ्यापैकी ओळखून गाळतं. धोट्याचा ठोका मात्र तुटक असतो, वीस मागांचे ठोके एकमेकांत मिसळून येतात, आणि ते गाळायच्या नादात तिच्या शब्दांचीही टोकं खाल्ली जात होती. आम्ही ध्वनिमुद्रण करून ऐकलं. ‘टेस्ट’ मधला शेवटचा ‘ट’ ऐकूच येत नव्हता.

दादानं ते ध्वनिमुद्रण ऐकलं आणि म्हणाला, ‘‘मग माग बंद ठेवूया की तासभर. हाय काय त्यात.’’

त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दादा खर्चीवाला आहे. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी विणलेल्या कापडाची; माग थांबला की कमाई थांबली. कामगारालाही मजुरी कापडावरच. वीज दरानं आणि मंदीनं गेली कित्येक वर्षं या धंद्याचं कंबरडं मोडलेलं आहे, माग भंगारात विकले गेल्याच्या बातम्या इथे नव्या नाहीत. अशा धंद्यात भर दिवसा आठ माग तासभर बंद म्हणजे घरच्या सगळ्यांनी मिळून भरलेली फीच आहे. ही फी कुठल्याही अर्जात दिसत नाही. दादानं कामगारांना तेवढ्या वेळाची मजुरी स्वतःच्या खिशातून द्यायचं कबूल केलं. मग आम्ही दोघं शेजारी गेलो. शेजारचे काका माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरबरोबर मागाखाली वाकून काहीतरी बघत होते. दादानं ओरडून काम सांगितलं. ते हात पुसत बाहेर आले, म्हणाले, ‘‘पोरीचं काम हाय व्हय? ठेवतो की बंद. किती वाजता, तेवढं सांगा.’’ पलीकडच्या दोन शेडवाल्यांना तेच जाऊन सांगून आले.

आता उत्तरांचं. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचं उत्तर आमची बहुतेक मुलं एकाच कारखान्यात तयार झाल्यासारखं देतात. मी मध्यमवर्गीय कुटुंबातली आहे, वडील व्यवसाय करतात, आई गृहिणी आहे, माझे छंद वाचन आणि संगीत. भाचीचंही तेच होतं. मी तिला विचारलं, तुझी आई गृहिणी आहे? दुपारी ती काय करते? ती म्हणाली, मेंडिंग. वहिनी मागावरून उतरलेलं कच्चं कापड खिडकीच्या उजेडात पसरते, हात फिरवत पुढे सरकवते, कुठे उभा धागा तुटलाय, कुठे आडव्यात विरळ पट्टा आलाय, कुठे तेलाचा डाग आहे ते हेरते, सुधारण्यासारखं असेल तर सुईनं सुधारते, नसेल तर खूण करते. भाची चौथी-पाचवीत असल्यापासून शेजारी बसून हे करत आली आहे. आमच्याकडच्या जुन्या मागांना उभा धागा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय नाही. तुटला तो पुढे तसाच विणला जातो, आणि जितक्या उशिरा दिसेल तितकं कापड बाद. ‘दोष जितका लवकर सापडेल तितका स्वस्त पडतो’ हे तिच्या पुस्तकात सॉफ्टवेअर तपासणीच्या पहिल्याच धड्यात आहे. तिनं ते पाठ केलं होतं. घरात ती ते रोज हातानं करत होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तयारी म्हणजे मला हेच वाटतं. बाहेरून उत्तरं आणून भरण्यापेक्षा आपल्याजवळ आधीच काय आहे ते नीट बघून घेणं. त्याला वेळ लागतो, आणि जवळच्या कुणीतरी प्रश्न विचारावे लागतात. पण अशा तयारीतली वाक्यं घाबरल्यावरही विसरत नाहीत.

आणि म्हणूनच त्या कोऱ्या भिंतीचा मला राग येतो. इंग्लंडमधल्या डरहम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच चेहरे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर लोकांना दाखवले आणि कोण विश्वासू, कोण कामाचा वाटतो ते विचारलं. मागे पुस्तकांचं कपाट किंवा झाडं असली की गुण जास्त मिळाले. मागे राहतं घर दिसलं की कमी. माणूस तोच. म्हणजे तोंड उघडायच्या आधी भिंतीला गुण पडलेले असतात, आणि देणाऱ्याला आपण ते दिल्याचं कळतही नाही. पार्श्वभूमी धूसर करायची सोय आहे, पण जुन्या लॅपटॉपला ती झेपत नाही. पंखा घरघरायला लागतो, हात हलवला की बोटं गायब होतात. काही कंपन्या तर समोर माणूसही बसवत नाहीत. पडद्यावर प्रश्न येतो, घड्याळ उलटं धावतं, आपण रिकाम्या चौकटीशी बोलायचं. अशा मुलाखती घेणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीचं सॉफ्टवेअर काही काळ चेहऱ्यावरच्या हालचालींवरूनही उमेदवाराचं मोजमाप करत होतं. टीका झाल्यावर २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी ते थांबवल्याचं जाहीर केलं. थांबवलं हे बरंच झालं. पण आपल्यासमोर बसून गुण देणाऱ्या माणसांनाही हे सांगायला हवं, की पलीकडे कुकरची शिट्टी वाजली, कोंबडा आरवला, आजी मधूनच खोलीत आली, तर त्याचे गुण कापू नका. त्या मुलीनं घर सोडून येऊ नये, घरूनच बोलावं, ही सोय तुमची आहे. मग घर थोडं ऐकू येणारच.

मुलाखतीच्या दिवशी पावणेअकराला शेजारचे माग थांबले, मग पलीकडचे, मग दादाचे. कामगार बाहेर कट्ट्यावर चहा प्यायला बसले. वहिनीनं मोबाइलवर दुसऱ्या कंपनीच्या सिमचं इंटरनेट सुरू करून ठेवलं होतं, वायफाय गेलं तर असावं म्हणून. गल्लीच्या टोकाचे माग मात्र चालू होते. तिथपर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. भाचीनं सुरुवातीलाच, आम्ही ठरवलं होतं तसं, सांगून टाकलं: मी इचलकरंजीची आहे, आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, आवाजामुळे काही ऐकू आलं नाही तर मी पुन्हा सांगेन. एकदा तिला पुन्हा सांगावं लागलं. मेंडिंगबद्दल ती बोलली. तिघांपैकी एका बाईंनी त्यावर दोन प्रश्न विचारले, बाकी दोघांनी काही नाही. ही नोकरी तिला मिळाली नाही. पुढची मिळाली, दोन महिन्यांनी, आणि त्या मुलाखतीलाही माग बंद ठेवावे लागले.

दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना सांगायला जाताना दादाला जड गेलं, हे मी पाहिलं. कोणी नाही म्हणालं नाही. पण अशी मागणी एखादं घर किती वेळा करणार? आणि ज्यांचे वडील मागाचे मालक नाहीत, त्या मागावर काम करतात, त्यांच्या मुलांनी कोणाला सांगायचं? आमच्या गावात आपटे वाचन मंदिर आहे, १८७० सालचं. इंग्रजी अमलात, रस्ते धड नसताना, चार माणसांना बसून वाचायला जागा हवी म्हणून लोकांनी गावोगाव अशी वाचनालयं उभी केली. आज वाचायला जागा लागते तशीच बोलायलाही लागते. दार बंद होणारी एक खोली, बरं इंटरनेट, एक टेबल, एक खुर्ची. गावोगावच्या वाचनालयांनी, ग्रामपंचायतींनी, शाळांनी ठरवलं तर याला फार खर्च नाही.

आमच्या संस्थेत मी हे बोलले आणि ग्रंथालयामागची सामानाची खोली मिळाली. जुनी उत्तरपत्रिकांची गाठोडी हलवली, खिडकीला नवी काच बसवली, दाराला आतून रबराची पट्टी लावली. बाहेर एक वही टांगली आहे, तीत नाव आणि वेळ लिहायची. पास होऊन गेलेल्यांनाही मुभा आहे, आणि आता इतर कॉलेजांची मुलंही विचारत येतात, त्यांना आम्ही नाही म्हणत नाही. खोली बहुतेक सकाळी मागितली जाते, म्हणून किल्ली शिपाई मामांकडे ठेवली आहे, ते आठला येतात. पावसाळ्यात वीज जाते, त्यासाठी इन्व्हर्टरचा अर्ज दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत मुलांनी फोन पूर्ण चार्ज करून आणावा आणि सोबत दुसरं सिम ठेवावं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.